दाबून बसवलेल्या सांध्यातील तडा : नव्या अभियंत्यास सल्ला

हिंगणघाटकडच्या जिनिंगमध्ये ऐन हंगामात शाफ्ट तुटला, की "माल हलका होता" एवढ्यावर चर्चा संपते. तुम्ही मात्र तो तुकडा भंगारात जाण्याआधी हातात घ्या. बेअरिंग शाफ्टवर जिथे घट्ट दाबून बसवलेले असते, त्या बैठकीच्या कडेलगत तांबूस-तपकिरी भुकटी दिसली आणि तडा तिथूनच सुरू झालेला असला, तर घर्षणजन्य थकव्याचा, म्हणजे दाबलेले पृष्ठभाग एकमेकांवर किंचित घासत राहून बदलत्या ताणाखाली तडा जाण्याचा, संशय बळकट होतो.

अंदाज बांधताना केवळ वाकण्याचा ताण आणि गुळगुळीत नमुन्याचा एस-एन आलेख (किती ताणाला धातू किती आवर्तने टिकतो, हे दाखवणारा) यांवर विसंबू नका, कारण बैठकीतील काही मायक्रॉनांची पुढेमागे होणारी हालचाल पोलादाची थकवा-मर्यादा (ज्याखालचा ताण वारंवार येऊनही तुकडा तुटत नाही ती पातळी) निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणू शकते. स्पर्शाचा मधला भाग चिकटलेला आणि फक्त कडा सरकणाऱ्या, ही अवस्था सर्वांत घातक असते. पूर्ण पृष्ठभागच सरकू लागला तर झीज वाढते, पण कोवळे तडे कित्येकदा त्या झिजेतच नाहीसे होतात.

संगणकावर कडेचा कमाल ताण वाचून आयुष्य ठरवणे मला मुळीच मान्य नाही, कारण टोकदार कडेपाशी गणितासाठी आकाराचे तुकडे पाडणारी जाळी जितकी बारीक कराल तितका तो आकडा वाढतच जातो. त्याऐवजी पृष्ठभागाखाली धातूनुसार ठरणाऱ्या अंतरावरील ताण घ्या, स्मिथ-वॉटसन-टॉपर निकष (कमाल ताण आणि विकृती यांच्या गुणाकारावरून आयुष्याचा अंदाज देणारा) निरनिराळ्या प्रतलांवर तपासा, आणि खोलीबरोबर ताण उतरत गेल्याने तडा मध्येच थांबतो का, हे तडा-वाढीच्या गणिताने स्वतंत्रपणे पाहा. घर्षणगुणांक मात्र नव्या पृष्ठभागाचा धरू नका. आवर्तने वाढतात तसा तो कोरड्या पोलादावर ०.६ च्याही वर जाऊ शकतो.