नागपुरातल्या शाळांमधल्या समावेशक शिक्षणावर प्रबंध करायचाय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की एम.एड.च्या प्रबंधासाठी समावेशक शिक्षणात, म्हणजे साध्या शाळेत इतरांबरोबर शिकणाऱ्या दिव्यांग मुलांच्या शालेय सोयी तपासायच्या आहेत, प्रश्नावली तयार आहे, आता शाळा कशा निवडायच्या. मी बरीच वर्षं फिरती विशेष शिक्षिका होते, म्हणजे शाळोशाळी जाऊन दिव्यांग मुलांना शिकवायचे, त्या अनुभवावरून सांगते: प्रश्नावली तूर्त पिशवीतच राहू द्या आणि सोबत मोजायची टेप घ्या.

‘रॅम्प आहे का?’ या रकान्यात सगळेच ‘होय’ लिहितात. जिल्ह्यातल्या एका शाळेत मी मोजून पाहिलं. व्हरांडा जमिनीपासून 45 सेंटिमीटर उंच. 1:12 उतार, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी धरली तर रॅम्प 5.4 मीटर लांब हवा, तिथे जेमतेम दोन मीटर होता. व्हीलचेअरवरच्या पोराला सातवीतली दोन मुलं उचलून वर न्यायची. दिव्यांगांच्या संडासाला कुलूप, आत तुटके बाक आणि तांदळाची रिकामी पोती. माहितीच्या फॉर्मवर मात्र दोन्ही सोयी ‘आहेत’.

त्याच शाळेत चौथीच्या शेवटच्या बाकावर एक दिव्यांग मुलगी बसायची. हजेरी चोख. सर फळ्यावर भागाकार घेत होते आणि ही अख्खा तास फूल रंगवत होती. सर काही वाईट नव्हते हो, एका खोलीत दोन इयत्ता सांभाळत होते आणि विशेष शिक्षक महिन्यातून एकदा आला तर आला. म्हणून म्हणते, शाळा चारच घ्या, पण प्रत्येक वर्गात निदान तीन दिवस मागे बसा. तिथल्या अशा मुलाला त्या तासाला काय शिकायला मिळालं, हे लिहा. त्याच्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे त्याला काय आणि कसं शिकवायचं याची लेखी योजना केलीय का, तेही विचारा. असेल तर त्यावरची तारीख बघा. मागच्या वर्षीचाच कागद नवी तारीख टाकून पुढे आलेला मी पाहिलाय.

कायद्याचा आधार लागेलच. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण, हीसुद्धा त्या 21 मध्ये येते, पण ती डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे अशी पोरं शाळेच्या यादीत फार कमी सापडतात. ‘ढ’ म्हणून कोण ओळखलं जातं, ते वर्गातल्या मुलांनाच विचारा.

आकडे मागताना एक गोंधळ होतो. साध्या शाळा शिक्षण विभागाकडे आणि विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, त्यामुळे एकाच ठिकाणी सगळं मिळत नाही. जिल्हा परिषद आणि मनपाच्या शाळांसाठी परवानगीची पत्रंही वेगवेगळी लागतात. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा अर्ज मे महिन्यातच टाका. पालकांची संमती लेखी घ्या, आणि मुलांची नावं वहीतसुद्धा लिहू नका.