एफडी मोडून मोरो क्रिस घ्यावी का?

प्रश्न: मी मनिलात नोकरी करतो. एक विक्रेता 1,80,000 पेसोंना मोरो क्रिस, म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटाकडची नागमोडी तलवार देतोय. अठराव्या शतकातली आहे म्हणतो. एफडी मोडून घेऊ का? गुंतवणूकही होईल आणि पुढे भारतात नेता येईल.

उत्तर: एफडी मोडू नका. 6 टक्के व्याज धरलं तर हीच रक्कम 5 वर्षांत साधारण 2,41,000 होते. लिलावात 20 टक्के कमिशन कापलं जाईल असं धरलं, तर तेवढे हातात पडायला तलवार 3,01,000ला विकली गेली पाहिजे. निव्वळ बरोबरीत सुटायला.

शिवाय जास्तीचे पैसे मागितलेत ते वयाचे, आणि वयाचा पुरावा म्हणून तुमच्याकडे फक्त विक्रेत्याचा शब्द आहे. मुठीलगतचा पात्याचा रुंद भाग म्हणजे गंग्या. जुन्या क्रिसमध्ये तो वेगळा घडवून बसवलेला असतो. विसाव्या शतकातल्या बऱ्याच क्रिसमध्ये तो पात्यासकट एकसंध असतो आणि सांध्याच्या जागी नुसती रेघ कोरलेली असते. दहापट भिंग घेऊन बघा. खरा सांधा पात्याच्या दोन्ही अंगांना दिसतो, कडेवरूनही सलग जातो आणि पोलादाचे थर तिथे तुटतात. कोरलेली रेघ कडेपाशी थांबते, थर मात्र तिच्याखालून बिनदिक्कत पुढे जातात. सांध्याची रेघ, खरी असो वा कोरलेली, टोकाशी एकदम कोनात वळली असेल तर बहुधा एकोणिसावं शतक किंवा त्यानंतरचा माल. अठराव्याचा दावा तिथेच लंगडा पडतो. सगळीकडे सारखाच खडबडीत गंज दिसला तर तो ॲसिडने आणलेला असू शकतो.

मूठ नवी म्हणून पातं खोटं ठरत नाही, मुठी बदलल्या जात असतच. पण पातं मुठीत बसवायला राळेच्या जागी इपॉक्सी, म्हणजे आधुनिक रासायनिक गोंद, दिसलं तर भाव पाडा. मूठ हस्तिदंती असेल तर विषय संपला, ती सीमेपार नेता येणार नाही.

भारतात नेणं सोपं समजू नका. फिलिपिन्समधून सांस्कृतिक वस्तू बाहेर काढायला 2009च्या वारसा कायद्याखाली परवानगी लागते, आणि भारतात शस्त्र कायदा 1959 आहे. तलवार आयात करायला परवाना हवा. दोन्ही कागद आधी, पैसे नंतर.

तरी मन अडकलंच असेल, तर विसाव्या शतकातली म्हणून भाव करा. घर-खर्चाचे सहा महिने बाजूला ठेवून उरलेल्या शिलकीतून पैसे द्या, आणि वय चुकीचं निघालं तर 30 दिवसांत पैसे परत, असं पावतीवर लिहून घ्या. विक्रेता लिहून द्यायला तयार नसेल तर व्यवहार सोडून द्या.