रेषा अचूक, तरीही चित्र सपाट

चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेची तयारी करणाऱ्या नववीतल्या एका मुलीला घेऊन तिची आई माझ्याकडे आली. रेखाटन नीटनेटके असते, पण शेडिंग केले की चित्र बिघडते. तेव्हा मुलीला कलेचे अंगच नाही असे समजून तिने हा नाद सोडावा का, असा त्यांचा प्रश्न होता. कलाशिक्षणाचा सल्ला घ्यायला येणारे पालक हे वारंवार विचारतात आणि मी प्रत्येक वेळी आधी चित्र पाहायला मागते.

तिच्या सरावचित्रात पांढरा कप, वांगे आणि पितळी तांब्या होता. कपाच्या काठाचे लंबवर्तुळ निर्दोष होते; परंतु कप पांढरा म्हणून तिथे कागद जवळजवळ कोराच राहिला होता आणि वांगे सगळीकडून एकाच करड्या छटेने भरले होते. वस्तूंचे माहीत असलेले रंग तिने काढले होते, त्यांच्यावर पडलेला उजेड काढायचा राहून गेला होता. ही पाहण्याची सवय आहे आणि ती बदलते, हे मी आईंना तिथेच सांगितले.

मग कप आणि वांगे टेबलावर मांडून एका बाजूने दिवा लावला. पुठ्ठ्याला दोन भोके पाडून, एक डोळा मिटून, एकातून कपाची सावलीतली बाजू आणि दुसऱ्यातून वांग्यावरची चकाकी तिला पाहायला लावली. पांढऱ्या कपाची ती बाजू चकाकीपेक्षा चांगलीच गडद निघाली, यावर तिचा आधी विश्वासच बसेना. गडद छटेशेजारी करडा रंग उजळ भासतो आणि पांढऱ्याशेजारी तोच काळवंडतो, म्हणून छटा नेहमी दुसऱ्या छटेशी ताडून पाहावी लागते. डोळे किलकिले केले की बारीकसारीक तपशील विरतात आणि हे ताडणे सोपे जाते.

दुसरी अडचण पेन्सिलची होती. ती सारे चित्र एचबीने करत होती, जी कितीही दाबली तरी पुरेशी गडद होत नाही, उलट कागद तुळतुळीत होतो. मी ४बी आणि ६बी या अधिक मऊ व गडद पेन्सिली दिल्या आणि वांगे टेबलाला टेकते तिथली सर्वांत गडद जागा आधी ठरवायला सांगितले. सावलीच्या कडेला दिसणारा परावर्तित प्रकाश मुले हमखास जास्त उजळ करतात. तो सावलीचाच भाग आहे, हे विसरले की गोलाई मोडते.

नव्या चित्रात तांब्याची चकाकी अजून पसरट होती, पण वांगे टेबलावर टेकलेले दिसत होते. रंगांकडे वळण्यापूर्वी काही आठवडे रोज एकच वस्तू एकाच दिव्याखाली पेन्सिलने काढायला मी तिला सांगितले आणि परीक्षा होईपर्यंत घरात ग्रेडचा विषय काढू नये, अशी आईंना विनंती केली.