फिलिपिन्सच्या लोककथांमधली अस्वांग म्हणजे आपली हडळच का?

नाही. हडळ ही मेलेली बाई असते, बहुधा बाळंतपणात गेलेली आणि मग झाडाला नाहीतर विहिरीला धरून बसलेली. अस्वांग जिवंत असते. दिवसा ती बाजारात मासळी घेते, शेजारच्या लग्नात कांदे चिरायला बसते आणि अंधार पडला की कुत्रा, डुक्कर, मांजर किंवा काळा पक्षी होऊन बाहेर पडते. त्यामुळे तिथली भीती सगळी शेजारपाजारचीच.

मी मर्चंट नेव्हीत आहे. आमच्याकडे खलाशी बरेचसे फिलिपिनो, त्यातही पनाय बेटावरचे पुष्कळ. मेसरूममध्ये जेवणं उरकली की हे विषय हमखास निघतात, आणि सांगणारे ते अगदी गंभीरपणे सांगतात.

अस्वांग हे एक अख्खं कुळच आहे. मॅक्सिमो रामोस या फिलिपिनो अभ्यासकाने १९७१ मध्ये तिचे पाच प्रकार मांडले: रक्त पिणारी, पोटातले अवयव ओढून घेणारी, जनावर होणारी, चेटूक करणारी आणि प्रेतं खाणारी. सगळ्यांत भयंकर दुसरी, मनानांगल. ही रात्री कंबरेतून स्वतःचे दोन तुकडे करते. पाय केळीच्या झाडांत उभे राहतात आणि वरचं धड वटवाघळासारख्या पंखांनी उडत गरोदर बाईच्या घरावर जाऊन बसतं. तिथली जुनी घरं बांबूची, छप्पर नीपा नावाच्या पामच्या झावळ्यांचं. त्या झावळ्यांच्या फटीतून सुतासारखी बारीक, लांब जीभ खाली येते आणि झोपलेल्या बाईच्या पोटाला लागते. सकाळी पोटातलं मूल गेलेलं असतं. उपाय एकच: ते उभे पाय शोधायचे आणि कापलेल्या जागी मीठ, राख नाहीतर ठेचलेला लसूण चोळायचा. मग धड पुन्हा जोडलं जात नाही आणि ऊन पडताच ती मरते. ती जवळ आल्याची खूण तर उलटीच आहे. 'तिकतिक' असा आवाज मोठा आला तर ती लांब आहे, क्षीण झाला तर डोक्यावर आहे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती केळीच्या खुंटाची गोष्ट. अस्वांग माणूस पळवते आणि त्याच्या जागी केळीच्या खोडाचा हुबेहूब तसाच माणूस ठेवते. तो घरी येतो, आजारी पडतो, दोन-चार दिवसांत मरतो. घरचे रडतात, पुरतात, आणि पुरलेलं असतं खोड. तरणाताठा माणूस तापाने पटकन गेला, बाईचं मूल पोटातच गेलं, याला काहीतरी कारण हवंच होतं. डॉक्टर नसलेल्या गावांनी ते असं शोधलं.

हे किती जुनं? हुआन दे प्लासेन्सिया या स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्रीने १५८९ मध्येच 'ओसुआंग'बद्दल लिहून ठेवलंय: उडतो, माणसं मारून त्यांचं मांस खातो, आणि हे मधल्या विसाया बेटांत, लुझोन या उत्तरेकडच्या मोठ्या बेटावरच्या तागालोग लोकांत नाही. तिथे बाबायलान म्हणजे देवकार्य करणाऱ्या, औषधपाणी जाणणाऱ्या बायकांचा मोठा मान होता. धर्मांतराच्या काळात पाद्रींनी त्यांना चेटकिणी ठरवलं आणि अस्वांगची बरीचशी बदनामी त्यांच्या माथी आली, असं अनेक अभ्यासक मानतात. मला ते पटतं, कारण आजही संशय जातो तो गावाबाहेर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईवरच.

या भीतीचा वापर लष्करानेही केला. १९५० च्या दशकात लुझोनमध्ये हुक नावाच्या कम्युनिस्ट बंडखोरांशी लढाई चालू असताना एडवर्ड लान्सडेल हा अमेरिकन अधिकारी फिलिपिन्सच्या लष्कराचा सल्लागार होता. त्याने स्वतःच्या आठवणींत लिहिलंय: आधी टेकडीवर अस्वांग असल्याची अफवा पसरवली, मग गस्तीतला शेवटचा बंडखोर गुपचूप पकडून त्याच्या मानेला दोन भोकं पाडली, उलटं धरून रक्त काढलं आणि प्रेत वाटेवर ठेवलं. बंडखोर ती जागा सोडून गेले. मानेवरची दोन भोकं ही युरोपातल्या व्हॅम्पायरची रीत, कारण रक्त पिताना अस्वांग बहुधा जीभ वापरते. एका माणसाचा असा खून करून त्याला युक्ती म्हणणं मला आजही संतापजनक वाटतं.

पनायवरच्या कापिस प्रांताला अस्वांगांचं माहेर म्हणतात. तिथे 'लुबाग' नावाचा आनुवंशिक आजार जास्त आढळतो. त्यात हातपाय, मान, जबडा आपोआप पिळवटतात. काही जण दंतकथेचं मूळ यात शोधतात. मला शंका आहे: लुबाग होतो तो मुख्यतः पुरुषांना, अस्वांग बहुधा बाई, आणि तिच्या कथा कापिसच्या बाहेरही सगळीकडे आहेत. पण त्रास कापिसच्या लोकांना होतो. आमचा एक बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तिथला. 'तू पण का रे?' हे इतकं ऐकलं होतं त्याने, की नव्या पोरांना गाव शेजारच्या प्रांतातलं इलोइलो सांगायचा.

तिथली बाकीची भुतं थोडक्यात. तियानाक रानात तान्ह्या बाळाच्या रूपात रडतो आणि उचलून घेणाऱ्याला फाडतो. तिकबालांगचं डोकं घोड्याचं, पाय इतके लांब की उकिडवा बसला तर गुडघे डोक्याच्या वर जातात. तो वाटसरूला रात्रभर त्याच त्या रानात फिरवतो. अंगातला सदरा उलटा करून घातला की वाट सापडते. तुम्हाला आपल्याकडचं कोणी शोधायचंच असेल तर इथे शोधा, हा चकव्याच्या अगदी जवळचा आहे.