प्रवेशाची प्रश्नोत्तरं : आवडीचं वर, खात्रीचं खाली

प्रश्न : एमएचटी-सीईटीत मला ८९ पर्सेंटाईल आहेत. मेकॅनिकलला जायचंय. मित्र म्हणतात, 'मिळणार असेल तेच कॉलेज सगळ्यात वर टाक, नाहीतर तेही हातचं जाईल.' पर्याय अर्ज कसा भरू?
– बारावीचा विद्यार्थी, बारामती

उत्तर : मित्रांचं ऐकू नकोस. कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, संगणक गुणवत्ता क्रमाने एकेकाचा अर्ज घेतो आणि पहिल्या पर्यायापासून खाली येत जातो. जागा दिसली की थांबतो. तुझा आठवा पर्याय असलेलं कॉलेज तुझ्या मागच्या मुलाने पहिलं टाकलं, तरी ते तुझ्याआधी त्याला मिळत नाही. म्हणजे आवाक्याबाहेरचं वर टाकल्याने खालचं काहीही जात नाही.

खात्रीचं वर टाकलंस तर मात्र अडकशील. २०२५ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप गोठत होती, म्हणजे तीच पक्की धरली जायची, आणि पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पर्यायांना, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना लागू होतं. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हा नियम आधी वाच. पहिल्या सहांत 'असू दे भर म्हणून' असं एकही कॉलेज नको.

आता गेल्या वर्षीची कटऑफ यादी उघड, म्हणजे कुठे किती पर्सेंटाईलवर प्रवेश थांबला ती. प्रत्येक कॉलेजखाली 'जीओपीईएनएच' असे कोड दिसतील. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा. मधे प्रवर्ग. शेवटचा एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ, एस म्हणजे राज्यस्तर. तू बारावी बारामतीत केलीस, म्हणून पुणे विद्यापीठातल्या कॉलेजला एच बघायचा, कोल्हापूर भागातल्या कॉलेजला ओ. मुलं नेमकी इथे चुकतात. दुसऱ्याच कोडचा आकडा बघून 'आपल्याला मिळतंय' असं धरून बसतात.

कटऑफ ९० ते ९५ असलेली हवीशी कॉलेजं वर, ८६ ते ९० ची मधे, ८० ते ८५ ची खाली. चाळीस पर्याय झाले तरी चालतील, पण जिथे खरंच राहून शिकशील तीच टाक. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर शिक्षण शुल्क माफीच्या जागाही भर. त्यांचा कोड वेगळा असतो, शेवटी टी येतो. तो वेगळा टाकला नाही तर त्या जागेसाठी तुझा विचारच होत नाही.

प्रश्न : मुलगी आता बारावीत गेली. आम्ही ओबीसी. कागदपत्रं निकालानंतर काढली तर चालतील का? आणि फी माफ होते म्हणतात, ते खरं का?
– एक पालक, परभणी

उत्तर : निकालापर्यंत थांबू नका. जात पडताळणीचा अर्ज आत्ताच कॉलेजमार्फत करा, त्याला काही महिने लागू शकतात. आजोबांच्या किंवा वडिलांच्या शाळेचा निर्गम उतारा काढा आणि त्यावरची जातीची नोंद, आडनावाचं लेखन, जन्मतारीख मुलीच्या दाखल्याशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. 'शिंदे' आणि 'शिन्दे' एवढ्या फरकानेही त्रुटी निघू शकते. फरक असेल तर आत्ता दुरुस्त होईल, जुलैत तलाठी कार्यालयापासून सेतूपर्यंत सगळीकडे रांग असते. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं, त्यामुळे ते नव्या आर्थिक वर्षात, एप्रिलनंतर काढा. अधिवास दाखला मात्र आजही काढता येईल.

फीचं खरं आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क ओबीसीसह ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना पूर्ण माफ आहे. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोट्यात घेतला तर सवलत मिळत नाही. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्जही भरावा लागतो, आणि वसतिगृह-खानावळ त्यात येत नाही.

प्रश्न : दहावीला ६८ टक्के. मुलाला यंत्रात रस आहे, नातेवाईक म्हणतात अकरावी सायन्सच कर. डिप्लोमाने वर्ष वाया जातं का?
– एक आई, सातारा

उत्तर : नाही. अकरावी-बारावी २ आणि इंजिनिअरिंग ४, एकूण ६ वर्षं. डिप्लोमा ३ आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पुढची ३, तीही ६ वर्षंच. या वाटेने सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या गुणांवर प्रवेश होतो. अडतं ते गणितात. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षीचं गणित कसंबसं काढलेली मुलं डिग्रीच्या दुसऱ्या वर्षी हमखास अडखळतात. दहावीत गणितात किती आहेत ते बघा. पन्नासच्या आसपास असतील तर प्रवेशाआधीच्या सुट्टीत बीजगणित आणि त्रिकोणमिती परत करून घ्या. हाताने काम करायचीच ओढ असेल, तर दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआयही बघा, त्यावरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं.