नाकाचं नंतर बघू

«ताई, मी सव्वीस वर्षांची, राहणार कोपरखैरणे. वडील वाशीच्या मार्केटला माथाडी होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. कॉलेजात असल्यापासून मॉडेलिंग करते. साड्यांचे कॅटलॉग, दागिन्यांचे फोटो, थोडं रॅम्प. दोन वर्षांपूर्वी एका मराठी सिनेमात नायकाच्या बहिणीचं काम मिळालं. बोलण्यात साताऱ्याकडची झाक येते म्हणून आवाज दुसऱ्या मुलीचा घेतला, पण ते चालतंच. आता मी शुद्ध बोलायची काळजी घेते. तरी ऑडिशनला ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत. माझे कोऑर्डिनेटर म्हणतात नाकाचं ऑपरेशन कर, साइडने चेहरा मार खातो. आईचा विरोध आहे. वडील मात्र ग्रॅच्युइटीचे पैसे द्यायला लगेच तयार झाले. कॉलनीतले नाटकवाले राज्य नाट्यस्पर्धेसाठी मागे लागलेत, पण त्यात पैसे नाहीत. करू का ऑपरेशन?»

नाही.

अगं, नाकावर एवढं लिहिलंस आणि आवाजाचं एका ओळीत उरकलंस. ‘ते चालतंच’ म्हणे! सिनेमातलं तुझं पहिलं काम, त्यात तोंड तुझं आणि बोलतेय दुसरीच कुणी. तुला त्याचं काहीच वाटलं नाही? मला वाटतं वाटलं असणार, नाहीतर तेव्हापासून शुद्ध बोलायची काळजी कशाला घेतली असतीस?

तुझ्या ऑडिशनचं घोडं तिथेच अडलंय. कॅटलॉगच्या कामात कुणी तुला बोलायला सांगत नाही. पदर, मान, हनुवटी, संपलं. आणि तिथे याच नाकावर तू इतकी वर्षं काम करतेयस, एकाही साडीवाल्यानं तक्रार केल्याचं तू लिहिलेलं नाहीस. ऑडिशनला दोन पानं बोलायची असतात. समोरचा वाक्य टाकतो तेव्हा तुझं सगळं लक्ष आपला ‘ण’ नीट पडतोय ना याकडे. त्याचं ऐकणार कधी? ऐकलं नाहीस तर चेहऱ्यावर येणार काय? खुर्चीत बसलेल्या माणसाला ते लगेच दिसतं. तो नाकाबिकाचं काही बोलत नाही, ‘कळवतो’ म्हणतो.

दुसऱ्याचा आवाज लागला म्हणून आकाश कोसळत नाही, हेही ऐक. दीपिका पदुकोण आधी मॉडेलच. 2007 साली ‘ओम शांती ओम’ आला तेव्हा पडद्यावर ती होती आणि आवाज मोना घोष शेट्टी यांचा होता. पुढे 2015 मध्ये ‘पिकू’ आला. त्यात बापाच्या बद्धकोष्ठावरून होणारी घरातली वादावादी आहे, ना झगमगाट ना स्वप्नदृश्यं. तिथे नुसता चेहरा घेऊन ती काय करणार होती? राणी मुखर्जी मॉडेल नव्हे, पण तिचं उदाहरण तुला जास्त लागू पडेल. ‘गुलाम’मध्ये तिचा आवाज बदलला, आणि त्याच वर्षी, 1998 मध्येच, ‘कुछ कुछ होता है’मध्ये तिचाच ठेवला. काही महिन्यांत आवाज थोडाच बदलला असेल! आज तो घोगरा आवाज डोळे मिटूनही ओळखू येतो. आणि गावाकडची झाक म्हणशील तर अकलूजच्या रिंकू राजगुरूनं ‘सैराट’मध्ये आपल्याकडचीच बोली ठेवली. राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला, तो काय शुद्ध बोलल्याबद्दल?

आता वडील. तू त्यांना पार देवमाणूस करून टाकलंयस. जन्मभर पाठीवर गोणी वाहिलेला माणूस आहे, कष्टांपुढे मी मान तुकवते. पण तुला खरं सांगू? मला त्यांचा राग आलाय. सिनेमा बघताना पोरीचा आवाज पोरीचा नाही हे त्यांना कळलं नसेल? जी बोली त्यांनी गावाहून इथे आणली, ज्या बोलीत ते तुला हाका मारतात, तीच बाद ठरवली होती ना? तेव्हा ते काही बोलल्याचं तू लिहीत नाहीस. आता मात्र लगेच ग्रॅच्युइटी काढून द्यायला तयार. या मायेला मी शाबासकी देणार नाही. त्यापेक्षा आई बरी. तिचा विरोध कशासाठी आहे ते तू लिहिलेलं नाहीस, बहुतेक विचारलंही नसशील.

कोऑर्डिनेटरवर जास्त शाई घालवत नाही. डॉक्टरही त्यांनीच सुचवलाय का, एवढं बघ. आणि हे ऑपरेशन म्हणजे दोन आठवड्यांत पट्टी काढून कॅमेऱ्यासमोर, असं नसतं. सूज पूर्ण उतरायला वर्षसुद्धा लागू शकतं.

तुला करायचंय ते एकच. कॉलनीतल्या नाटकवाल्यांना हो म्हण. पैसे नाहीत, ठाऊक आहे. कॅटलॉगची कामं चालू ठेव, तालमी बहुधा रात्रीच असतात. वाशीच्या भावे नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसलेल्याला तुझं नाक दिसत नाही, ऐकू मात्र यावं लागतं. शिवाय नाटकात समोरच्यानं वाक्य गाळलं तर तुलाच सांभाळून घ्यावं लागतं, तिथे डबिंगवाली मदतीला येत नाही. दोन-अडीच महिने रोज ऐकायची आणि उत्तर द्यायची सवय लागू दे. एवढं एक नाटक होईपर्यंत ऑपरेशनचा विषय घरात काढायचा नाही.

वडिलांना म्हणावं, पैसे बँकेत फिक्सला टाका. आणि नाटकाचं पहिलं वाचन असेल त्या दिवशी ‘ण’बिण सगळं विसरून, आईशी भांडतेस तशी वाच.