मोडेमचा वेग: पोर्ट वेगळा, लाइन वेगळी
फोन लावून जोडायच्या (डायल-इन) सर्व्हरवर मोडेमचं 'कनेक्ट ३३६००' (सेकंदाला इतके बिट) दिसलं म्हणून सर्व्हरचा सीरियल पोर्टही ३३६०० वर आणायला जाऊ नकोस. तो आकडा फोनलाइनचा. सर्व्हर ते मोडेम ही सीरियल केबल वेगळी. एमगेटीच्या (मोडेमवर आलेला कॉल उचलणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम) कॉन्फिगमध्ये तिचा वेग ११५२०० वर कायमचा बांधून टाक. मोडेम लाइनवर डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवतो, म्हणून पोर्ट लाइनपेक्षा वेगवानच हवा. हार्डवेअर फ्लो कंट्रोल (आरटीएस-सीटीएस, म्हणजे केबलच्या तारांवरून 'थांब', 'पाठव' सांगणं) मात्र सर्व्हर आणि मोडेम दोन्हीकडे चालू कर, नाहीतर मोठी फाइल मध्येच गचके खाणार. सर्व्हरच्या पोर्टची सीरियल चिप १६५५०ए आहे ना, तेही बघ; जुनी ८२५० या वेगाला अक्षरं गाळते. आणि ५६केचा (५६००० बिटच्या लाइन-वेगाचा) हट्ट सोड बाबा! सर्व्हरकडे साधी अ‍ॅनालॉग लाइन असेल तर ३३.६केच्या वर काही मिळायचं नाही. ५६केला तिथे आयएसडीएनसारखी डिजिटल लाइनच लागते.